ओपनवायफाय : हजार ठोक्यांत उत्तर देणारी वायफाय चिप आतून पाहायची असेल तर

वायफायची चिप बाजारात कुठेही मिळते, पण ती आतून कशी चालते हे कुणी दाखवत नाही. लिनक्सचा ड्रायव्हर वाचता येतो, पण त्याच्याखाली कंपनीचे बंद फर्मवेअर असते आणि त्याच्याही खाली असलेले, रेडिओ सिग्नल आणि बिट यांची अदलाबदल करणारे बेसबँड सर्किट कुणाच्या नजरेस पडत नाही. सर्किट लिहिण्याची व्हेरिलॉग भाषा येते, सिग्नलमधल्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या करणारे एफएफटी समजते, वायफायचे ८०२.११ हे मानक चाळले आहे, अशा विद्यार्थ्याची गाडी नेमकी इथे अडते. ही अडचण सोडवणारी जी मोजकी साधने आहेत, त्यांत ओपनवायफाय आज सगळ्यात उपयोगाचे आहे. बेल्जियममधल्या आयमेक आणि गेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी युरोपीय संघाच्या ओर्का प्रकल्पाच्या आधाराने ते बांधले, डिसेंबर २०१९मध्ये खुले केले आणि फेब्रुवारी २०२०मध्ये ब्रुसेल्सच्या फॉसडेम संमेलनात चालवून दाखवले. एफपीजीएत, म्हणजे आतले सर्किट हवे तसे रचता येणाऱ्या चिपमध्ये, बसणारी पूर्ण वायफाय चिप, तिचा लिनक्स ड्रायव्हर आणि तपासणीची साधने, सगळा कोड एजीपीएल ३ या खुल्या परवान्याखाली गिटहबवर आहे.

घरातला राउटर बदलून वेगवान काही लावायचे असेल तर हे घेऊ नका. यात ८०२.११ए, जी आणि एन आहे, चॅनल २० मेगाहर्ट्झचा, डेटाचा प्रवाह एकच, आणि कमाल दर सेकंदाला ६५ मेगाबिट. पण वायफाय ६ किंवा ७ची चिप का अवघड असते, तिचे क्षेत्रफळ आणि वीज कुठे खर्च होते, हे समजून घ्यायचे असेल तर यापेक्षा चांगली जागा सापडणे कठीण आहे. याचे कारण या प्रकल्पाने सगळ्यात अवघड तुकडा टाळलेला नाही. तो तुकडा म्हणजे वेळ.

वायफायमध्ये फ्रेम (डेटाचे एक पाकीट) मिळाली की घेणाऱ्याने सिफ्स या ठरलेल्या छोट्या अंतराने ॲक (पोचल्याची पावती) पाठवायचा असतो. २.४ गिगाहर्ट्झमध्ये हे अंतर १० मायक्रोसेकंदांचे, ५ गिगाहर्ट्झमध्ये १६ मायक्रोसेकंदांचे. ॲक वेळेत आला नाही तर पाठवणारा फ्रेम हरवली असे धरतो, प्रतीक्षेची खिडकी दुप्पट करतो आणि तीच फ्रेम पुन्हा पाठवतो. लिनक्सला एक इंटरप्ट पोचून त्याचे काम सुरू व्हायलाच याहून जास्त वेळ लागू शकतो, म्हणून हे काम प्रोसेसरवर सोडता येत नाही. जीएनयू रेडिओ या संगणकावरच्या सॉफ्टवेअरवर लिहिलेला वायफाय रिसीव्हर फ्रेम सुंदर वाचतो, पण संगणकातून रेडिओपर्यंतच्या येण्याजाण्यात ही मुदत कधीच उलटून गेलेली असते, त्यामुळे खऱ्या राउटरशी त्याचे बोलणे जमत नाही. ओपनवायफायमध्ये सीएसएमए (हवा मोकळी आहे का ते ऐकून मगच बोलणे), ॲक, बॅकऑफ (बोलण्याआधी यादृच्छिक वेळ थांबणे) आणि वेळेचा काउंटर असा खालचा सगळा मॅक, म्हणजे कुणी केव्हा बोलायचे हे ठरवणारा थर, एफपीजीएत आहे. १० मायक्रोसेकंदांचे सिफ्स त्याने गाठले आहे, आणि म्हणूनच साधा मोबाइल त्याच्याशी जोडला जातो.

ही मुदत ठोक्यांत मोजली की डिझाइन डोळ्यांसमोर येते. झिंक ७००० मालिकेच्या बोर्डांवर बेसबँड १०० मेगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे १० मायक्रोसेकंदांत क्लॉकचे १००० ठोके. शेवटच्या सिंबॉलचा (सिग्नलच्या ठरावीक लांबीच्या तुकड्याचा) शेवटचा नमुना आत आला की या हजारांतून खर्च सुरू होतो. ६४ बिंदूंचे एफएफटी, हवेत बिघडलेला सिग्नल सावरणारा इक्वलायझर, कॉन्स्टेलेशनवरून (सिग्नलच्या ठरलेल्या बिंदूंवरून) बिट काढणे, बिटांचा क्रम परत लावणारा डीइंटरलीव्हर, चुका दुरुस्त करणाऱ्या व्हिटर्बीचा माग काढणे, डीस्क्रॅम्बलर, शेवटी फ्रेम शाबूत आहे का हे पाहणारी चार बाइटांची एफसीएस तपासणी. फ्रेम बरोबर आहे आणि ती आपल्याच पत्त्यावर आली आहे हे ठरले की ॲक बनवायचा, पाठवण्याची पाइपलाइन भरायची, आणि हे सगळे एडी९३६१ या रेडिओ चिपमधल्या फिल्टरांचा उशीर दोन्ही दिशांनी धरून. एखाद्या ब्लॉकमध्ये १६ ठोक्यांचा फिफो (छोटी रांग) सहज म्हणून जास्तीचा टाकला तर तो कुणाच्या तरी वाट्यातूनच जातो. कोडमध्ये एक्सपीयू नावाचा ब्लॉक हे सगळे सांभाळतो. या क्षेत्रात नवे असाल तर वाचनाची सुरुवात एफएफटीपासून करू नका, एक्सपीयूपासून करा.

वेग वाढला तरी सिफ्सची मुदत वाढत नाही, ही पुढच्या पिढ्यांची खरी अडचण. वायफाय ६मध्ये १६० मेगाहर्ट्झच्या चॅनलला २०४८ बिंदूंचे एफएफटी लागते, वायफाय ७च्या ३२० मेगाहर्ट्झला ४०९६चे, आणि त्यामागे चुका दुरुस्त करणाऱ्या एलडीपीसी डिकोडरच्या फेऱ्या. ५ गिगाहर्ट्झमधले सिफ्स मात्र १६ मायक्रोसेकंदांचेच राहिले. म्हणून ८०२.११एएक्समध्ये, म्हणजे वायफाय ६च्या मानकात, फ्रेमच्या शेवटी १६ मायक्रोसेकंदांपर्यंतचे शेपूट जोडण्याची सोय आहे. त्यात माहिती काहीच नसते. शेवटचा सिंबॉल पचवायला घेणाऱ्या चिपला तेवढा अवधी मिळावा एवढ्यासाठीच ते हवेत जाते. ओपनवायफायचे हजार ठोके एकदा हाताने मोजून पाहिले की मानकाच्या कागदावरची ही तरतूद तिथे का आली ते आपोआप उलगडते.

आता आकडे. प्रकल्पाने दिलेले सर्वोत्तम स्थितीतले आकडे असे आहेत : फ्रेम एकत्र करून पाठवण्याची सोय चालू असताना टीसीपी ४० ते ५० मेगाबिट, यूडीपी ५० मेगाबिट, पाठवलेल्या सिग्नलचे ईव्हीएम (बिंदू जागेवरून किती ढळले याचे माप) उणे ३८ डेसिबल आणि सगळ्यात हळू दराला संवेदनशीलता उणे ९२ डीबीएम. ६५चे ५० कसे झाले हे कागदावर सहज काढता येते. ५ गिगाहर्ट्झवर १५०० बाइटांचे एक पॅकेट धरा. हेडर जोडून ते २६० बिटांच्या ४८ सिंबॉलमध्ये बसते, म्हणजे १९२ मायक्रोसेकंद. त्याच्या आधी ३६ मायक्रोसेकंदांचा प्रिअँबल, म्हणजे घेणाऱ्याला जुळवून घ्यायला मिळणारा ठरलेला भाग. मग सिफ्स १६, ॲक २८, डीफ्स (बोलण्याआधीची सक्तीची शांतता) ३४, आणि बॅकऑफचे सरासरी साडेसात स्लॉट म्हणजे ६७.५. बेरीज ३७३.५ मायक्रोसेकंद. १२००० बिट भागिले ३७३.५ म्हणजे सुमारे ३२ मेगाबिट. हवेतला जवळजवळ अर्धा वेळ डेटाशिवायच गेला. दहा पॅकेटे एकाच फ्रेममध्ये एकत्र पाठवली की प्रिअँबल, बॅकऑफ आणि ॲकचा खर्च एकदाच पडतो आणि हाच हिशेब ५७च्या आसपास जातो. प्रकल्पाचा ५०चा आकडा त्याला धरूनच आहे, त्यामुळे तो विश्वासार्ह वाटतो.

हाच हिशेब वायफाय ६ला लावून पाहा. १६० मेगाहर्ट्झ, दोन प्रवाह, १०२४-क्वॅम (एका बिंदूत १० बिट) : १९६० सबकॅरियर (चॅनलमधल्या अरुंद उपलहरी) गुणिले १० बिट गुणिले ५/६, भागिले १३.६ मायक्रोसेकंद, म्हणजे एका प्रवाहाला १२०१ मेगाबिट आणि दोन मिळून २४०२. राउटरच्या खोक्यावर छापतात तो आकडा हाच. या दराने एका सिंबॉलमध्ये चार हजारांवर बाइट मावतात, म्हणजे १५०० बाइटांचे पॅकेट एक सिंबॉलही भरत नाही. त्यामुळे वेगवान चिपमध्ये पॅकेटे जमवून ठेवणारी मेमरी, त्यांची रांग आणि हरवलेले पॅकेट नेमके कोणते याची नोंद यांना मॉड्युलेशनइतकेच महत्त्व येते. ओपनवायफायमध्ये हा भाग छोट्या आकारात आहे आणि पूर्ण वाचता येतो.

बोर्ड कोणता घ्यायचा, यावर थोडे सविस्तर, कारण पैसे इथेच वाया जातात. कोड फुकट आहे, खर्च बोर्डाचा. एका बाजूला झिंक किंवा झिंक अल्ट्रास्केल प्लस एफपीजीए आणि दुसऱ्या बाजूला ॲनालॉग डिव्हायसेसची एडी९३६१ किंवा एडी९३६४ रेडिओ चिप, अशी जोडी लागते. झेडसी७०६ बोर्डावर ७०४५ हा मोठा एफपीजीए आहे, त्यात २,१८,६०० एलयूटी (लॉजिकचे छोटे घटक) आणि ९०० डीएसपी स्लाइस (गुणाकाराचे घटक). डिझाइन ऐसपैस बसते आणि स्वतःचे काही जोडायलाही जागा उरते. पण त्यासाठी विवाडो या एफपीजीए बांधणीच्या सॉफ्टवेअरचा विकतचा परवाना लागतो. झेडबोर्डवर ७०२० असतो, ५३,२०० एलयूटी आणि २२० डीएसपी, आणि तो विवाडोच्या मोफत आवृत्तीत चालतो. त्याच्यासाठी कोडमध्ये काही बफर छोटे केलेले आहेत. बांधणी होते, पण भाग दाटीवाटीने बसतात, आणि आपण मोठा ब्लॉक जोडला की टायमिंग तुटते, म्हणजे सिग्नल एका ठोक्याच्या आत पोचत नाही. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत झेडबोर्ड आधीच असेल तर फक्त एफएमकॉम्स हे रेडिओ चिपचे कार्ड घेऊन सुरुवात करावी. सगळे नव्याने घ्यायचे असेल तर एडीआरव्ही९३६४-झेड७०२० किंवा ॲन्टएसडीआरसारखा एकत्र बोर्ड सुटसुटीत पडतो.

खरेदीत दोन फरक नीट पाहावेत. एफएमकॉम्स२ आणि एफएमकॉम्स३ दिसायला सारखेच, पण २वरचे बलून (अँटेनाची वाट चिपला जुळवणारे छोटे भाग) २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच नीट चालतात, तर ३वरचे रुंद पट्ट्याचे आहेत. ५ गिगाहर्ट्झवर काम करायचे असेल तर ३ घ्या. दुसरे, ॲन्टएसडीआरच्या काही बोर्डांवर एडी९३६३ असते. तिची अधिकृत मर्यादा ३.८ गिगाहर्ट्झपर्यंतच आहे, म्हणजे ५ गिगाहर्ट्झ कागदोपत्री तरी बाद. विक्रेत्याच्या पानावर रेडिओ चिपचा पूर्ण क्रमांक वाचल्याशिवाय पैसे भरू नयेत. परदेशातून मागवताना सीमाशुल्क आणि जीएसटी बोर्डाच्या किमतीवर आणखी चढतात, तेही आधीच मोजावेत.

बोर्ड हातात नसेल तरी थांबायचे कारण नाही, आणि प्रकल्पाचा हा गुण फार कमी लोकांच्या लक्षात येतो. रिसीव्हरचा ब्लॉक ओपनओएफडीएम या आधीच्या खुल्या प्रकल्पावर उभा आहे. त्याच्यासोबत टेस्टबेंच (सिम्युलेशनमध्ये चाचणी घेणारा कोड) आणि हवेतून किंवा केबलमधून पकडलेल्या नमुन्यांच्या फाइली येतात. सिम्युलेटर चालवला की प्रत्येक टप्प्याचे आउटपुट वेगळ्या मजकूर फाइलीत उतरते : छोटा प्रिअँबल सापडला ती जागा, मोठ्या प्रिअँबलशी जुळणी, इक्वलायझरमधून आलेले बिंदू, डीइंटरलीव्हरचे बिट, डीस्क्रॅम्बल झालेले बाइट. सोबत पायथनमध्ये लिहिलेला समांतर डिकोडर आहे, त्याच्याशी ओळ न् ओळ ताडून पाहता येते. महिनाभर नुसते एवढेच केले तरी ओएफडीएमचा, म्हणजे अनेक सबकॅरियरवर एकाच वेळी डेटा नेण्याच्या पद्धतीचा, रिसीव्हर पक्का होतो.

या सिम्युलेशनमध्ये एक प्रयोग जरूर करावा. नमुन्यांच्या फाइलीला हळूहळू वाढता फ्रिक्वेन्सी ऑफसेट लावत जा. मानकाने प्रत्येक बाजूला २० पीपीएम (दहा लाखांत २०) चूक मान्य केली आहे. दोन्ही बाजू विरुद्ध दिशांना चुकल्या तर ४० पीपीएम, म्हणजे ५.८ गिगाहर्ट्झवर २३२ किलोहर्ट्झ. ८०२.११एनमध्ये दोन सबकॅरियरमधले अंतर ३१२.५ किलोहर्ट्झ, त्यामुळे चूक एका घराच्या आत राहते. ८०२.११एएक्सने हे अंतर ७८.१२५वर आणले, आणि तीच चूक आता जवळजवळ तीन घरांइतकी होते. फ्रिक्वेन्सी ठरवणारा क्रिस्टल तोच, चूक तेवढीच, पण ती ओळखणाऱ्या सर्किटाला काम कितीतरी बारकाईने करावे लागते. सबकॅरियर अरुंद केल्याने गार्ड इंटरव्हलचा (दोन सिंबॉलमधल्या राखीव वेळेचा) तोटा घटला, हे सगळे सांगतात. त्याची किंमत सिंक्रोनायझरने मोजली, हे इथे डोळ्यांनी दिसते.

बोर्डावर पहिल्यांदा चालवण्याची रीत अशी. १६ जीबी किंवा मोठ्या एसडी कार्डवर प्रकल्पाची तयार इमेज उतरवा. कार्डच्या बूट विभागात ओपनवायफाय फोल्डर असतो. त्यातल्या आपल्या बोर्डाच्या नावाच्या फोल्डरमधल्या फाइली विभागाच्या मुळाशी आणून ठेवा, आणि सामायिक फोल्डरमधली कर्नलची फाइलही तिथेच आणा. इथे चुकीच्या बोर्डाचा फोल्डर उचलला की बोर्ड बूटच होत नाही आणि दोष कार्डला दिला जातो. बोर्डावरचे जंपर एसडी बूटवर लावा. एक अँटेना आरएक्सवर, एक टीएक्सवर. दोन्ही वेगळ्या पोर्टवर आहेत, म्हणून त्या समांतर न ठेवता एकमेकींशी काटकोनात ठेवा, नाहीतर आपलाच आवाज आपल्या कानात शिरतो. संगणकाच्या इथरनेटला १९२.१६८.१०.१ हा पत्ता द्या आणि बोर्डाला १९२.१६८.१०.१२२ वर एसएसएच करा. वापरकर्ता रूट, पासवर्ड ओपनवायफाय. नव्या कार्डावर ‘सेटअप वन्स’ ही स्क्रिप्ट एकदाच चालवून बोर्ड रीबूट करा. त्यानंतर ‘डब्ल्यूजीडी’ स्क्रिप्ट एफपीजीए आणि ड्रायव्हर चढवते आणि एसडीआर० हा इंटरफेस दिसू लागतो. मग ‘फॉसडेम’ स्क्रिप्टने ॲक्सेस पॉइंट सुरू होतो. मोबाइलवर ओपनवायफाय हे नाव दिसले, जोडल्यावर १९२.१६८.१३ने सुरू होणारा पत्ता मिळाला आणि ब्राउझरमध्ये १९२.१६८.१३.१ उघडले, की सगळी साखळी चालू आहे असे समजा.

बिघाड कुठे होतात तेही ठरलेले आहे. मोबाइल जोडला जातो पण पत्ता मिळत नाही, हा सगळ्यात नेहमीचा. बोर्डावरची डीएचसीपी सेवा एकदा पुन्हा सुरू करून मोबाइल परत जोडला की बहुतेक वेळा सुटतो. एफएमकॉम्स कार्डच्या ईईप्रॉम या छोट्या मेमरीतली माहिती चुकीची किंवा रिकामी असेल तर रेडिओच ओळखला जात नाही, तेव्हा ती माहिती नव्याने लिहावी लागते. फ्रेम दिसतात पण एफसीएस सारखा चुकतो, विशेषतः ५ गिगाहर्ट्झवर, तेव्हा क्रिस्टलची चूक तपासा. एडी९३६१च्या ड्रायव्हरमध्ये ती दुरुस्त करण्याची सोय आहे. जवळ ठेवलेला मोबाइल तुटतो आणि लांब नेला की चालतो, असे झाले तर रिसीव्हर ओव्हरलोड होतोय हे उघड आहे. अँटेना लांब न्या किंवा मध्ये सिग्नल कमी करणारा अटेन्युएटर टाका.

सगळ्यात फसवा बिघाड व्हिटर्बीचा. सुमारे दोन तास सगळे नीट चालते आणि मग बोर्ड एकदम बहिरा होतो. पाठवणे चालू, घेणे बंद. लोक अँटेना बदलतात, ड्रायव्हर पुन्हा चढवतात. कारण साधे आहे : रिसीव्हरमधला व्हिटर्बी डिकोडर हा झायलिंक्स या एफपीजीए कंपनीचा तयार आयपी (परवान्याने मिळणारा ब्लॉक) आहे, आणि मूल्यमापनाच्या परवान्यावर बांधलेली बिटस्ट्रीम (एफपीजीएत चढवायची फाइल) ठरावीक वेळाने तो थांबवते. खात्री करायची युक्ती प्रकल्पानेच दिली आहे. एसडीआरसीटीएल या साधनाने रिसीव्हरचे २० क्रमांकाचे रजिस्टर चार-पाच वेळा वाचा. किमतीचा शेवटचा अंक दर वेळी ३च येत असेल तर डिकोडर थांबलेला आहे. वीज बंद करून पुन्हा सुरू करणे एवढाच तात्पुरता उपाय. रात्रभराचे मोजमाप करायचे असेल तर पूर्ण परवाना घ्यावा लागतो किंवा डिकोडर स्वतः लिहावा लागतो.

हा डिकोडर स्वतः लिहिणे हा पदव्युत्तर प्रकल्पासाठी उत्तम विषय आहे, असे मनापासून सुचवावेसे वाटते. ६४ अवस्था, कन्स्ट्रेंट लांबी ७, दर ठोक्याला एक बिट एवढी कामगिरी १०० मेगाहर्ट्झवर ६५ मेगाबिटला पुरते, आणि बाहेर खऱ्या मोबाइलवर त्याची परीक्षा होते. पुढे कुणाला हे डिझाइन सिलिकॉनवर न्यायचे असेल तर हा रस्ता ओलांडावाच लागेल, कारण व्हिटर्बीसोबत एफएफटी, भागाकार आणि गुणाकाराचे काही तुकडेही झायलिंक्सचेच आहेत. ते एफपीजीएबाहेर चालत नाहीत. ओपनवायफाय घेतले की चिपचे डिझाइन तयार मिळाले, असा समज कुणी करून घेऊ नये.

आणखी एक उणीव रेडिओच्या बाजूची. एडी९३६१ची बँडविड्थ ५६ मेगाहर्ट्झपर्यंत आणि सिग्नलचे आकडे करणारे एडीसी १२ बिटांचे, त्यामुळे ८० मेगाहर्ट्झचे चॅनल या बोर्डांवर होणारच नाहीत. शिवाय वायफाय चिपच्या ॲनालॉग भागातले खरे झगडे इथे तयार मिटवलेले मिळतात. १०२४-क्वॅमसाठी पाठवणाऱ्याचे ईव्हीएम उणे ३५ डेसिबल लागते, ४०९६-क्वॅमला उणे ३८. आय आणि क्यू या दोन वाटांत ०.१ डेसिबल आणि १ अंशाचा फरक राहिला तरी प्रतिमेचे दडपण ४० डेसिबलच्या किंचित खालीच अडकते, म्हणजे ४०९६-क्वॅमला परवडणाऱ्या चुकीतला बराचसा वाटा त्या एकाच दोषात संपला. त्यावर फेज नॉइज, त्यावर पॉवर ॲम्प्लिफायरचा वाकडेपणा. ओएफडीएमचे शिखर सरासरीपेक्षा दहा डेसिबलच्या आसपास वर जाते, त्यामुळे ॲम्प्लिफायर त्याच्या ताकदीच्या बराच खाली चालवावा लागतो आणि वीज उष्णतेत जाते. चॅनल दुप्पट रुंद केला की नॉइज ३ डेसिबलने वाढतो, ते वेगळेच. २० मेगाहर्ट्झला उष्णतेचा नॉइज उणे १०१ डीबीएम असतो, १६०ला उणे ९२. हे सगळे ओपनवायफायच्या बाहेरचे आहे आणि त्यासाठी आरएफचा वेगळा अभ्यास करावा लागतो.

पण एक आरएफ धडा इथेही मिळतो. एडी९३६१ एकाच वेळी घेणे-पाठवणे चालू ठेवते आणि दोन्ही एकाच फ्रिक्वेन्सीवर असले की पाठवण्याच्या ऑसिलेटरची गळती आपल्याच रिसीव्हरमध्ये शिरते. म्हणून एक्सपीयूमध्ये एसपीआयचा, म्हणजे रेडिओ चिपला हुकूम देणाऱ्या जोडणीचा, छोटा ब्लॉक ठेवला आहे. तो प्रोसेसरला न विचारता, फ्रेम निघण्याच्या आधी ऑसिलेटर चालू करतो आणि निघाल्यावर बंद करतो. ही छोटीशी गोष्ट वाचण्यासारखी आहे. बेसबँड आणि रेडिओ वेगवेगळ्या लोकांनी डिझाइन केले तरी त्यांना एकमेकांचे वेळापत्रक कसे पाळावे लागते, ते इथे कळते.

मोजमापासाठी साइड चॅनल हा ब्लॉक मनापासून आवडावा असा आहे. प्रत्येक फ्रेमसोबत चॅनलची स्थिती, फ्रिक्वेन्सीची चूक आणि इक्वलायझरचे बिंदू तो बाहेर देतो आणि पायथनची स्क्रिप्ट ते संगणकावर रेखाटते. कच्चे आयक्यू नमुनेही पकडता येतात. मोठ्या एफपीजीएवर एका वेळी ८१८७ नमुने, ७०२०वर ४०९५. २० मेगासॅम्पल दराने ४०९५ म्हणजे सुमारे २०५ मायक्रोसेकंद. ६५ मेगाबिटची १५०० बाइटांची फ्रेम २२८ मायक्रोसेकंदांची असते, म्हणजे झेडबोर्डवर ती पूर्ण मावत नाही. त्यामुळे फ्रेम आणि तिचा ॲक एकाच चित्रात हवे असतील तर लहान पॅकेट पाठवा. शंभर बाइटांचे पिंग पुरते. चित्रात फ्रेमचा शेवट आणि ॲकची सुरुवात यांत किती नमुने आहेत ते मोजा. ५ गिगाहर्ट्झवर, २० मेगासॅम्पलला १६ मायक्रोसेकंद म्हणजे ३२० नमुने. आपण कोडमध्ये बदल केला आणि हा आकडा हलला, तर चूक त्याच बदलात आहे.

हवेत चालवताना कायद्याची मर्यादा आपण सांभाळायची, बोर्ड सांभाळत नाही. एडी९३६१ ७० मेगाहर्ट्झपासून ६ गिगाहर्ट्झपर्यंत कुठेही बोलू शकते. भारतात वायफायसाठी २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ आणि २०१८च्या अधिसूचनेनंतर ५१५० ते ५३५० व ५४७० ते ५८७५ मेगाहर्ट्झ हे पट्टे परवानामुक्त आहेत. त्याबाहेर अँटेना लावून प्रयोग करू नयेत. बँडविड्थ कमी-जास्त करण्याचे किंवा बॅकऑफचे नियम बदलण्याचे प्रयोग तर केबलमधूनच करावेत, कारण बॅकऑफ मोडणारा एक बोर्ड शेजारच्या सगळ्यांचे वायफाय अडवतो.

केबल लावताना अटेन्युएटर विसरू नका. एडी९३६१च्या रिसीव्हरला २.५ डीबीएमच्या वर शिखर पोचले की ती कायमची जाऊ शकते, आणि साध्या राउटरचा पोर्ट २० डीबीएम देतो. ३० डेसिबलचे दोन ५० ओम एसएमए अटेन्युएटर एकामागे एक लावले की राउटरकडून उणे ४० येते, आणि बोर्डाकडून राउटरला जाणारा सिग्नलही वाचण्याजोगा राहतो. संवेदनशीलता उणे ९२पर्यंत मोजायची असेल तर आणखी ५२ डेसिबल लागतात. तेव्हा मात्र केबलपेक्षा हवेतली गळती मोठी ठरते, म्हणून राउटर आणि बोर्ड वेगवेगळ्या धातूच्या डब्यांत ठेवा आणि आधी केबल काढून बघा : केबल नसतानाही फ्रेम येत असतील तर मोजलेला आकडा केबलचा नाही.